दुसऱ्या खर्ड्याचे अर्थशास्त्र

आपल्या समाजात आरंभाचा जेवढा सोहळा होतो, तेवढा दुरुस्तीचा कधीच होत नाही. पुलाच्या पायाभरणीला मांडव पडतो, कोनशिलेवर नावे कोरली जातात. त्याच पुलाचा खचलेला कठडा पुढे कोणी सरळ केला, तर त्याची वार्ता कोणाच्या कानी जात नाही. निदान शिक्षणक्षेत्र तरी याला अपवाद असावे अशी अपेक्षा बाळगावी, तर तेथेही तोच प्रकार. विद्यार्थ्याने निबंध लिहिला, प्रकल्प सादर केला, की आपण त्याला गुण देतो आणि वही मिटतो. तो पहिला प्रयत्न कच्चा असेल, तर पक्का कसा करावयाचा, या प्रश्नाला आपल्या वेळापत्रकात तास नाही आणि गुणपत्रिकेत रकाना नाही. या उणिवेची जाणीव मला अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाने करून दिली नाही. ती करून दिली एका विद्यार्थ्याने फावल्या वेळात रचलेल्या, अगदी सामान्य अशा एका व्हिडिओ गेमने.

व्हिडिओ गेमसारखा विषय या पानावर पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्या अकारण आहेत असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, तेव्हा अशा खेळांपायी कुटुंबांची होणारी वाताहत हेच त्याचे प्रमुख कारण सांगितले गेले. मात्र त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि शैक्षणिक वा निव्वळ करमणुकीचे खेळ यांना उत्तेजन देण्याची तरतूदही आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. खेळाच्या आहारी जाणे आणि खेळ रचणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. खेळ रचणाऱ्याला गणित लागते, चित्र लागते, भाषा लागते. आणि सर्वांत अवघड म्हणजे समोरच्या अनोळखी माणसाच्या मनात या क्षणी काय चालले असेल, याची अटकळ बांधावी लागते. शिक्षकाला, वकिलाला आणि अर्थशास्त्रज्ञालाही याहून वेगळे काय लागते?

कांद्याचा खेळ

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा एक विद्यार्थी जुना लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. घरची नाशिक जिल्ह्यात कांद्याची शेती. "सर, मी एक गेम बनवलाय. जरा बघता का?" एवढेच तो म्हणाला. आठ महिने रात्री जागून त्याने हे काम केले होते. साधन म्हणून गोदो ही आज्ञावली वापरली होती. अर्जेंटिनातील दोघा तंत्रज्ञांनी ती तयार केली असून २०१४ पासून ती सर्वांना विनामूल्य खुली आहे. खेळ असा : खेळणारा हा शेतकरी, उन्हाळी कांदा काढून चाळीत ठेवलेला, रोज बाजारभाव पाहावयाचा आणि ठरवावयाचे, आज विकावा की आणखी काही दिवस ठेवावा.

कल्पना मला विलक्षण आवडली. किंमत, पुरवठा आणि अपेक्षा यांचा परस्परसंबंध शिकविण्यास मला जे तीन तास लागतात, ते सारे या एका प्रश्नात आले होते. परंतु प्रत्यक्ष खेळ निर्जीव होता. आरंभी शेतकऱ्याच्या व्यथेवर चार पानांचे निवेदन. ते संपेपर्यंत खेळणारा कंटाळे. मग पिकांची यादी. तीत आठ नावे, पण चालणारे पीक एकच. 'विका' आणि 'पुढचा दिवस' ही दोन्ही बटणे एकाच आकाराची आणि एकमेकांना खेटून. खेळ ३६५ दिवसांचा. आणि चाळीसाव्या दिवशी जे घडे, तेच तीनशेव्या दिवशीही घडे. मी दहा मिनिटे खेळलो आणि म्हणालो, "छान आहे. चालू ठेव."

शिक्षकाच्या तोंडून निघणाऱ्या निरुपयोगी वाक्यांत या वाक्याचा क्रमांक बराच वर लागावा. त्यात निंदा नाही म्हणून ते दयाळूपणाचे वाटते. वस्तुतः ते केवळ आळसाचे असते. काय छान आहे आणि काय नाही, हे सांगण्याचे कष्ट मी वाचविले होते. मुलाने मात्र माझा शब्द प्रमाण मानला. चार महिन्यांनी तो पुन्हा आला तेव्हा खेळात अवकाळी पाऊस होता, बँकेचे कर्ज होते, ट्रॅक्टर होता, बहिणीचे लग्न होते आणि आठही पिके चालू झाली होती. दुबळ्या लहान खेळाचा आता दुबळा मोठा खेळ झाला होता. मुलाचा चेहरा उतरलेला होता. "सर, आता सगळं आहे, पण मजाच येत नाही. मला नाही जमायचं हे. सोडून देतो."

येथे प्रश्न एका खेळाचा राहिला नव्हता. एक होतकरू मुलगा स्वतःविषयी एक कायमचा निष्कर्ष काढून मोकळा होत होता, आणि त्या निष्कर्षाला मी हातभार लावला होता. त्याला जमत नव्हते हे खरे नव्हे. कच्ची गोष्ट पक्की कशी करतात, हे त्याला कोणी दाखविलेच नव्हते.

तीन खोटे उपाय

पहिला प्रयत्न फसला, की नवशिक्याला तीन उपाय सुचतात. पहिला उपाय म्हणजे टाकून देणे आणि काहीतरी नवे सुरू करणे. त्याच्या समर्थनार्थ आमच्याच शास्त्राचा दाखला दिला जातो : जो खर्च बुडाला तो बुडाला, त्यासाठी आणखी खर्च करू नये. सिद्धांत बरोबर आहे, परंतु त्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. आठ पिकांची चित्रे काढण्यात दोन महिने गेले म्हणून ती ठेवलीच पाहिजेत असे नाही. तेवढ्यापुरता तो खर्च बुडीत समजावा. परंतु ती काढताना जे ज्ञान झाले ते बुडालेले नाही. ते भांडवल आहे. सगळेच टाकून नव्याकडे धावणारा माणूस बुडीत खर्चाबरोबर हे भांडवलही फेकून देतो, आणि नव्या खेळातही नेमका त्याच ठिकाणी येऊन अडतो. आरंभशूर म्हणतात तो हाच.

दुसरा उपाय साधन बदलण्याचा. संगणक जुना आहे, आज्ञावली हलकी आहे, शहरातल्या मुलांकडे काय काय असते! नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपल्याकडे उगीच झालेली नाही. केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली करता करता शिकण्याच्या आर्थिक परिणामांवर एक सुप्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात स्वीडनमधील होर्नडाल येथील पोलाद कारखान्याचे उदाहरण आहे. या कारखान्यात पंधरा वर्षे नवी भांडवली गुंतवणूक झाली नव्हती, उत्पादनपद्धतीतही म्हणण्यासारखा बदल नव्हता. तरीही दरडोई उत्पादकता वर्षाला सरासरी सुमारे २ टक्क्यांनी वाढत गेली. यंत्रे तीच होती. माणसे मात्र रोजच्या कामातून शिकत होती. साधनांच्या टंचाईची तक्रार सर्वस्वी खोटी असते असे नव्हे, परंतु हाती असलेल्या साधनाची शक्ती संपण्याच्या कितीतरी आधी आपली चिकाटी संपते, हे बहुधा खरे असते.

तिसरा उपाय भर घालण्याचा, आणि तोच सर्वांत फसवा. कारण त्यात कष्ट दिसतात. खेळ रुचत नाही, मग पाऊस घाला, कर्ज घाला, लग्न घाला. भाजीत मीठ कमी आहे की जास्त, हे न पाहता मसाले वाढवीत जाण्याचा हा प्रकार. याच्या अगदी उलट वाट कोणती, याचे उत्तम उदाहरण १९८४ साली मॉस्कोत घडले. सोव्हिएट विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव याच्याजवळच्या इलेक्ट्रॉनिका ६० या यंत्रावर चित्रे उमटविण्याची सोयच नव्हती. म्हणून त्याने कंसाच्या चिन्हांनी चौकोन रेखाटले. आरंभी त्याच्या मनात पाच चौकोनांचे बारा आकार होते. ते फार गुंतागुंतीचे होतात असे आढळताच त्याने ते सोडले आणि चार चौकोनांचे सातच आकार ठेवले. पडदा बघता बघता भरून खेळ संपतो, हे लक्षात आल्यावर त्याने भरलेली ओळ नाहीशी करण्याची युक्ती काढली. आकार कमी केले, भरलेली ओळही पडद्यावरून काढून टाकली. या दोन वजाबाक्यांतून टेट्रिस जगाला मिळाला.

न बोलता पाहणे

खोटे उपाय सांगणे सोपे, खरा कोणता? मला तो माहीत होता असा आव मी आणणार नाही. एवढेच सुचले, की मुलाच्या डोळ्यांनी खेळ पाहून भागणार नाही आणि माझ्याही नाही. आपला तो बाब्या, हा न्याय जसा आईबापांना लागू तसा कर्त्यालाही. म्हणून एका शनिवारी दुपारी आम्ही तीन माणसे बसविली : महाविद्यालयाच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ लिपिक, ज्यांना सारे 'भाऊसाहेब' म्हणतात, ग्रंथालयातील शिपाईमामा, आणि पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी. अट एकच होती, ते खेळत असताना मुलाने एक अक्षर बोलावयाचे नाही. केवळ वहीत टिपत जावयाचे.

ही अट किती कठोर आहे हे प्रत्यक्ष केल्याशिवाय कळत नाही. भाऊसाहेबांनी निवेदनाची चारही पाने न वाचता पुढे ढकलली. मग पहिल्याच दिवशी 'पुढचा दिवस' समजून 'विका' हे बटण दाबले आणि सगळा माल विकून बसले. मुलाच्या ओठांवर आलेले शब्द त्याने कसेबसे गिळले. मामांनी भावाचा आकडा पाहिलाच नाही. त्यांची नजर चाळीच्या चित्रावर होती आणि कांदा सडत असूनही चित्र बदलत नव्हते. विद्यार्थिनी हुशार निघाली. अमुक भावाच्या वर गेला की विकावयाचा, हा ठोकताळा तिला दहा मिनिटांत सापडला आणि मग तिने विचार करणेच सोडून दिले.

या तिसऱ्या निरीक्षणात मूळ दुखणे होते. मुलाने रोजचा भाव चिठ्ठी उचलावी तसा ठरविला होता. कालच्या भावाचा आजच्याशी संबंध नाही, पावसाचा नाही, बाजारातल्या आवकेचाही नाही. जेथे माहितीचा उपयोग नसतो तेथे निर्णयाला अर्थ नसतो, आणि जेथे निर्णयाला अर्थ नसतो तेथे खेळ उरत नाही. उरते ती सोडत. पाऊस आणि कर्ज यांची भर घालून हे दुखणे बरे होणे शक्यच नव्हते. मुलाला आता काय करावयाचे ते कोणी सांगावे लागले नाही. वहीतल्या तीन पानांनी ते सांगितले होते.

गेली पन्नास वर्षे या व्यवसायातील जाणते लोक हेच करीत आले आहेत. अमेरिकेत १९७१ साली 'कॉम्प्युटर स्पेस' नावाचे नाणे टाकून खेळावयाचे यंत्र निघाले. त्याची बटणे आणि नियम सामान्य गिऱ्हाइकाला झेपले नाहीत. त्याच कर्त्यांनी पुढच्या वर्षी अॅटारी ही कंपनी काढून 'पाँग' आणला. एक चेंडू आणि दोन फळ्या. सूचना न वाचताही खेळता यावा असा. तो बांधणाऱ्या अॅलन अल्कॉर्नने फळीचे आठ भाग कल्पून चेंडू कोठे लागतो त्यावर त्याचा कोन बदलेल अशी योजना केली, आणि फेरी लांबत जाईल तसा चेंडूचा वेग वाढविला. विद्युत्मंडलातील एका दोषामुळे फळी पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोचत नसे. अल्कॉर्नने तो दोष तसाच ठेवला. कारण त्यामुळे निष्णात खेळाडूंचाही डाव कधीतरी संपत असे. दोषांतही कोणता काढावयाचा आणि कोणता ठेवावयाचा, याचा विवेक लागतो, तो असा. कॅलिफोर्नियातील एका मद्यगृहात पहिले यंत्र ठेवले गेले आणि काही दिवसांत ते बंद पडले. तपास केला तेव्हा आढळले, की नाण्यांची पेटी काठोकाठ भरली होती.

अलीकडचे उदाहरण 'सेलेस्ट' या खेळाचे. दोघांनी चार दिवसांत रचलेल्या एका इवल्याशा खेळातून तो वाढला आणि २०१८ साली पूर्ण रूपात आला. पर्वत चढण्याचा हा खेळ अतिशय अवघड म्हणून ओळखला जातो. तरीही कड्यावरून पाय सुटल्यावर क्षणाचा एक लहानसा अंश त्यात उडी मारता येते. निसर्गनियमाला धरून नसलेली ही सवलत खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. त्याला एवढेच वाटते की खेळ आपल्याशी न्यायाने वागतो आहे. अवघड असणे आणि अन्यायी असणे यांतला हा फरक प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आम्हा प्राध्यापकांनीही ध्यानी घेण्यासारखा आहे.

निर्यातबंदीचा पेच

आमच्या कांद्याच्या खेळातही हाच प्रश्न पुढे उभा राहिला. नव्या आवृत्तीत मुलाने सात पिके काढली, कर्ज आणि लग्न काढले, ३६५ दिवसांचे चाळीस केले. भाव आता आवकेशी बांधला होता : दर चढला की इतर शेतकरीही माल काढत आणि दोन-तीन दिवसांत दर उतरे. कांदा सडू लागला की चाळीचा रंग बदले. मुलाच्या वडिलांनी एक दुरुस्ती सुचविली, जी कोणत्याही पुस्तकात मला सापडली नसती. "नुसता सडतो असं नाही, न सडलेल्याचंही वजन घटतं. ते कुठाय तुझ्या गेममध्ये?" तेही आले. परंतु मुलाने एक घटना आग्रहाने ठेवली होती : डाव ऐन रंगात असताना निर्यात बंद होई आणि भाव एका दिवसात कोसळे.

भाऊसाहेब संतापले. "हा काय अन्याय! सांगून सवरून तरी करायचं."

"भाऊसाहेब, खरंच असं होतं," मुलगा म्हणाला. या खेपेस न बोलण्याची अट तो विसरला.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबरात निर्यातबंदीच आली आणि ती मे २०२४ पर्यंत टिकली. ज्यांच्या चाळीत वा शेतात माल होता त्यांना कोणी आधी विचारले नव्हते. मग खेळ सुखद व्हावा म्हणून ही घटना काढावयाची? की सत्य म्हणून ठेवावयाची आणि खेळणारा फसविला गेल्याच्या भावनेने उठून जाईल तो जाऊ द्यावयाचा? मला वाटते, सुधारणा म्हणजे काय, याचे उत्तर या पेचात आहे. मुलाने घटना ठेवली. मात्र दोन-तीन दिवस आधी पडद्यावरच्या वर्तमानपत्रात शहरांतील महागाईची एक लहानशी बातमी येईल अशी व्यवस्था केली. ती वाचून सावध होणारे थोडेच असत. परंतु भाव कोसळल्यावर प्रत्येकाला ती आठवे. सत्य तेच राहिले, त्याची कारणे मात्र आता दिसू लागली. जे कडू आहे ते साखरेत घोळणे म्हणजे सुधारणा नव्हे. जे आहे ते समोरच्याला कळेल असे करणे म्हणजे सुधारणा.

या आवृत्तीचा डाव सहा-सात मिनिटांत संपे. भाऊसाहेब तो तीनदा खेळले, त्यांची मधली सुट्टी त्यात संपली, आणि शेवटच्या डावात आपण बाविसाव्या दिवशी विकावयास हवे होते की नव्हते, यावर त्यांनी मामांशी वाद घातला. एक वर्षापूर्वी ज्या खेळाने कोणाला जागेवर बसविले नव्हते, त्याने आता दोन प्रौढ माणसांना किंमतीच्या सिद्धांतावर भांडावयास लावले होते.

यशाची किंमत

येथे एका गैरसमजाला वाट देता कामा नये. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने एकट्याने सुमारे साडेचार वर्षे खपून, चित्रे पुनःपुन्हा नव्याने काढून, २०१६ साली 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचाच खेळ प्रसिद्ध केला आणि तो जगभर गाजला. पुण्यातील एका लहानशा चमूच्या 'राजी' या खेळासाठी २०१७ साली लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न फसला. काम पुढे चालू राहिले आणि २०२० साली तो खेळ प्रसिद्ध होऊन नावाजला गेला. ही उदाहरणे स्फूर्तिदायक आहेत, परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला सांगितलेच पाहिजे, की वाचलेल्यांकडे पाहून बुडालेल्यांची गणती होत नाही. खेळ सुधारला म्हणजे पैसा मिळेल असे मी कोणत्याही विद्यार्थ्याला सांगणार नाही. आमच्या मुलाच्या खेळाने त्याला एक रुपयाही दिलेला नाही. त्याच्या हाती लागले ते वेगळेच : आपले काम परक्याच्या नजरेने पाहण्याची सवय, आणि पहिले अपयश हा निकाल नसून माहिती आहे, ही समज.

या समजेची किंमत नजीकच्या काळात वाढणार आहे, घटणार नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना साध्या भाषेत सांगितले, तर आज्ञावलीचा, निबंधाचा, अर्जाचा पहिला खर्डा ती काही मिनिटांत लिहून देतात. एखादी वस्तू स्वस्त झाली, की तिच्या जोडीने लागणाऱ्या वस्तूची मागणी वाढते, हा आमच्या शास्त्राचा प्राथमिक नियम. पहिला खर्डा स्वस्त झाला. आता महाग होईल तो त्यातले काय काढावे आणि काय ठेवावे याचा विवेक. आपली परीक्षापद्धती मात्र अजूनही केवळ पहिल्या खर्ड्यालाच गुण देत आहे.

गुणपत्रिकेत एक रकाना

सरकारी वा निमसरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्या वाचकांना माझे म्हणणे पटवून देण्याची गरज पडू नये. त्यांच्या कामाची 'खर्डेघाशी' म्हणून आपण थट्टा करीत आलो. परंतु कच्चा खर्डा वर जातो, तांबड्या शाईच्या खुणा घेऊन खाली येतो, पुन्हा लिहिला जातो आणि मगच त्याची स्वच्छ प्रत निघते, ही शिस्त कचेऱ्यांनी पाळली आणि महाविद्यालयांनी पाळली नाही. आमच्याकडे प्रकल्प काळ्या पुठ्ठ्यात बांधला जातो, त्यावर सोनेरी अक्षरे उमटतात, आणि तो कपाटात जातो. कोणी तो पुन्हा उघडत नाही, लिहिणाराही नाही.

यावर मोठा उपाय सुचविण्याचा माझा मानस नाही. प्रकल्पाला ५० गुण असतील, तर २० पहिल्या खर्ड्याला द्यावेत. १० गुण तीन परक्या माणसांनी तो वाचताना वा वापरताना कोठे ठेच खाल्ली याच्या नोंदीला. आणि उरलेले २० सुधारलेल्या खर्ड्याला. त्या शेवटच्या खर्ड्यासोबत एक पान जोडावे : काय वगळले आणि का. वर्गात शंभर-शंभर विद्यार्थी असताना प्राध्यापकाने दोनदा तपासावयाचे कसे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु पहिल्या फेरीत प्राध्यापकाची गरजच नाही. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे काम घेऊन न बोलता पाहावे, एवढ्यानेही पुष्कळ साधेल. न बोलता पाहणे हेच मुळी शिकण्यासारखे आहे. शिक्षकांनी तर ते आधी शिकावे, असे मी स्वतःच्या अनुभवावरून म्हणतो.

विद्यार्थिमित्रांना एवढेच सांगावेसे वाटते, की तुमचा पहिला खेळ, पहिली कथा, पहिला प्रकल्प वाईट निघाला तर त्यात नवल नाही. तो तसाच निघावयाचा. त्याला कवटाळू नका आणि फेकूही नका. लहान करा, पूर्ण करा, परक्याच्या हाती द्या आणि तोंड मिटून पाहा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु टाकी आपल्याच हातात असते आणि दगडही आपणच घडविलेला असतो, तेव्हा घाव घालणे अधिक जड जाते.

तो मुलगा आता पदवीधर झाला आहे. गेल्या महिन्यात तो पुन्हा माझ्याकडे आला होता. नव्या खेळाचे काम सुरू आहे. पहिल्या खेळाला आठ महिने लागले होते, हा त्याने तीन आठवड्यांत आणला. मी पाहिला, खरे सांगावयाचे तर तोही कच्चाच आहे. मी काही बोलणार, तेवढ्यात त्याने वही उघडली आणि म्हणाला, "सर, हा नुसता खर्डा आहे. तुम्ही फक्त खेळा. कुठे अडता तेवढं मला बघायचंय."

मी खेळावयास बसलो.